कुंपणापलीकडची मधुमालती

देवासात त्या काळी दोन राजे होते, दोन दरबार होते, रस्त्याच्या दोन कडांना दोन निरनिराळे अंमल होते. पण गुलाबी रंग तेवढा एकट्या माझ्या मावसोबांच्या मालकीचा होता, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. थोरल्या पातीच्या, म्हणजे थोरल्या राजाच्या, तळ्याकाठच्या बागेची देखरेख त्यांच्याकडे होती आणि तिथे दुसऱ्या रंगाच्या फुलाला थारा नव्हता. पांढरं फूल म्हणजे रंगवायचं राहून गेलेलं, पिवळं म्हणजे काविळीचं! त्यांचं पागोटं गुलाबी, आणि मावशीला वेगळ्या रंगाचं लुगडं घ्यायची चोरी. मात्र फूल गुलाबी असलं की त्याची जातकुळी कोणी विचारायची नाही. विलायती गुलाबाशेजारी रानातला तेरडा, कडेला गुलबक्षी आणि तळ्याच्या ओलीवर आपोआप माजलेली लाजाळू, सगळ्यांना सारखंच पाणी. एकदा माळ्यानं तण समजून लाजाळू उपटली, तर मावसोबा कडाडले, "अरे भिया, गुलाब को तो बुलाना पड़ा, ये अपने पाँव से आई है! पाहुणीला असं उपटतात काय?" माळी बिचारा ती पुन्हा लावायला गेला आणि हाताला काटे टोचून घेऊन आला.

बागेला कण्हेरीचं कुंपण होतं. पलीकडे धाकट्या पातीची बाग, आणि तिची देखरेख मावसोबांच्या सख्ख्या धाकट्या भावाकडे, बापूंकडे. दोघे एकाच घरात राहत, एकाच पंगतीला जेवत. पण बापू थोरल्या भावापुढे मान वर करीत नसत, आणि मावसोबांनाही "बापूला भात वाढा" यापलीकडे काही बोलणं सुचत नसे. घराण्याची रीतच तशी. बोलायचं तर दोघांनी पागोटी चढवून कुंपणापाशी यायचं. तिथे ते भाऊ नव्हते, दोन दरबारांचे अंमलदार होते, आणि बोलणं सरकारी, म्हणजे अर्थातच हिंदीत.

विषय एकच. मावसोबांनी लावलेली मधुमालती. ती संध्याकाळी पांढरी उमलते हा गुन्हा, पण दुसऱ्या दिवशी गुलाबी होते म्हणून माफ. ही वेल कुंपणावरून पलीकडे झुकली होती. मुळं आमच्या पातीत आणि घोस सगळे तिकडे.

"जड़ हमारी है साब, फूल वापस कीजिए," मावसोबा बजावीत.

"जड़ आपकी होगी, पर हवा तो हमारे दरबार की है," बापू ठणकावीत.

हा तंटा वर्षानुवर्षं रोज सकाळी चाले आणि दोघेही त्यानंतर खुशीत न्याहारीला येत. वेल छाटली की भांडण मिटेल, असं मी एकदा शहाणपण शिकवलं. मावशी म्हणाली, "छाटली, तर हे दोघे बोलतील कुठं?"

एका उन्हाळ्यात बापूंना ताप आला. साधा म्हणता म्हणता तो वाढला. मावसोबा उशाशी बसून कपाळावरची ओली घडी बदलत राहत. सांगायचं पुष्कळ असणार, पण घर होतं ते; तोंड उघडेना. बापू तसेच गेले.

पलीकडे नवे अंमलदार आले. गृहस्थ फार सालस. जुन्या तंट्याची हकीकत त्यांच्या कानावर गेली असावी. आल्याबरोबर त्यांनी मधुमालतीचे सारे घोस उतरवून टोपली भरून पाठवली, वर निरोप, "जड़ आपकी, तो फूल भी आपके."

एवढ्या वर्षांची फिर्याद मावसोबा अखेर जिंकले! टोपली मांडीवर घेऊन ते कुंपणापाशी बसून राहिले. शेवटी त्यांनी टोपली माझ्याकडे सरकवली.

"बापूनं मला कधी एक पाकळीसुद्धा दिली नाही रे," ते म्हणाले. "कधीच नाही."