नव्या शाळेचा माठ

उद्या आमची शाळा उघडणार. व्हरांड्याच्या कोपऱ्यात नवा माठ पाझरतोय आणि त्याच्या अंगावरचे थेंब बघत मी बसले आहे. पाणी कुणी भरलं, ते मातीला कळत नाही. माणसाला मात्र ते कळल्याशिवाय घोट उतरत नाही.

गावातल्या जुन्या शाळेत आम्हा वस्तीतल्या पोरांना माठाला हात लावायची बंदी होती. बाई लांबून, वरून ओंजळीत पाणी ओतायच्या. निम्मं कोपरांवरून फ्रॉकवर सांडायचं. ती ओल माझ्या अंगावर अजून वाळलेली नाही. म्हणून इथला पहिला नियम मी केला: रोज एका घरच्या आईनं माठ भरायचा, पाळीपाळीनं.

आज त्याच बाई भर उन्हात नातीचं नाव घालायला आल्या.

"पाणी कुणी भरलंय गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"आमच्या वस्तीतल्या सखूमावशीनं. उद्याची पाळी तुमच्या सुनेची."

नात तोवर पेला रिकामा करून "आणखी" म्हणत होती. बाईंचे ओठ सुकले होते. मी दुसरा पेला काठोकाठ भरून त्यांच्यासमोर धरला. त्या घेईपर्यंत हात मागे घ्यायचा नाही, हे मी फ्रॉकच्या वयातच ठरवलं होतं.