चवळीवर गवार

बोथच्या बसथांब्यावर भाजी विकणाऱ्या त्या बाईचं नाव मी विचारलं नाही. नातीची गणिताची परीक्षा होती, बस येत नव्हती. मी चार वेळा उठलो, चार वेळा बसलो. परीक्षेत न मोजता कोनांचा अंदाज सांगायचा होता. "लांब रेघांचा कोन मोठा," असं कालच मी तिला ठासून शिकवलं होतं. जन्मभर वखराची पास, म्हणजे त्याचं पातं, नजरेनंच कोनात बसवलं, मला कोण टोकणार? आताही थांब्यावर तिच्याकडून तेच घोकून घेत होतो.

भाजीवर पाणी शिंपडता शिंपडता बाई थांबली. ओला हात पदराला पुसून तिनं चवळीच्या दोन लांब शेंगा एका टोकाला जोडून फाकवून ठेवल्या. त्यांच्यावर गवारीच्या दोन आखूड शेंगा ठेवल्या. जोडावर जोड, शेंगेवर शेंग नीट बसली.

"बाबा, शेंग लांब झाली म्हून फट काऊन वाढंन?"

"तुमी भाजी इका," मी म्हणालो.

ती पुन्हा पाणी शिंपडू लागली. गिऱ्हाईक आलं तरी त्या चार शेंगा तिनं हलवल्या नाहीत. माझी नजर सारखी तिकडेच जाई.

बस आली. नात पायरीवर अडली. "आबा, मंग काय लिहू?"

"ही भाजीवाली बाई सांगते तसंच लिही."

बस गेल्यावर मी टोपलीपुढे उकिडवा बसलो.

"आता मले दाखवा," म्हणालो.