पर्यावरणात गैरहजर

कोणीतरी बसल्या जागी आमची वर्षं खातं आहे. नाव सांगता येत नाही, कारण प्रत्येक खिडकीवर दुसऱ्या खिडकीचा पत्ता मिळतो. वाडीतल्या भाड्याच्या खोलीत हर्षल, सुमेध आणि मी, पदवी करता करता लष्करी अकादमीची तयारी करत होतो. वर्षं वाया गेल्याचे किस्से इतके साठले, की कोणी नवीन सांगायला लागलं की आम्ही आधी विचारायचो, कॉलेजचा की युनिव्हर्सिटीचा?

*

हर्षल मुलाखतीला भोपाळला गेला. साहेबांनी चालू सेमिस्टरचे विषय विचारले. तो बोटांवर मोजू लागला. एक काही केल्या आठवेना. साहेबांनी शांतपणे वाट पाहिली आणि पुढचा प्रश्न घेतला. निकालात हर्षलचा नंबर नव्हता.

परतीच्या गाडीत, इटारसीला, तो विषय आठवला. खोलीवर येऊन म्हणाला, "आठवन कसा बे? शिकवाले कोणी आलंच नव्हतं."

*

प्रणाली आमच्या वर्गातली, खापरखेड्याची. पहाटे मैदानावर धावायची, मग बसने कॉलेजला. नव्या अभ्यासक्रमात विषय वाढले, क्रेडिट वाढले; एक सुटलं की अख्खं सेमिस्टर अडकतं. अकादमीच्या मुलाखतीचं बोलावणं घेऊन ती विभागप्रमुखांकडे सुट्टी मागायला गेली. त्याच आठवड्यात प्रॅक्टिकल होतं. सरांनी पत्र पूर्ण वाचलं आणि परत दिलं.

"आधी सिलेक्ट होऊन ये वं, मग सुट्टी मंजूर करतो."

ती गेली नाही. प्रॅक्टिकलला पूर्ण मार्क मिळाले.

*

उमरेडचा सुमेध मात्र निघाला. लेखी, मुलाखत, मेडिकल, सगळं पार. वयात बसणारी ही त्याची शेवटची बॅच. अकादमीला आता एकच गोष्ट हवी होती: ठरलेल्या तारखेच्या आत पदवी पास झाल्याची मार्कशीट.

निकाल लागला. सगळ्या विषयांत पास, पर्यावरणात गैरहजर!

हा पेपर कॉलेजच घेतं आणि तपासतं; तो त्याने आमच्यासोबतच दिला होता. प्रोजेक्ट म्हणून कॉलेजच्या आवारात कडुनिंबही लावला होता. कॉलेज म्हणे, त्याचे मार्क आम्ही पाठवले. युनिव्हर्सिटी म्हणे, आले नाहीत. ज्या सरांनी मार्क दिले ते निवडणुकीच्या ड्युटीवर गेले होते, आणि त्यांच्या सहीशिवाय ते पुन्हा पाठवता येत नव्हते.

*

इकडे त्याच्या बाबांनी अकादमीत न्यायची काळी ट्रंक घेऊनही टाकली. पेंटरला दारात बसवून त्यांनी फोन केला, नाव इंग्रजीत टाकू की मराठीत?

सुमेध म्हणाला, "थांबा जराशे, बाबा."

*

कॉलेजने सत्कार ठेवला. गेटवर फ्लेक्स, त्यावर सुमेधचा फोटो, फोटोखाली 'लेफ्टनंट'. शाल, नारळ आणि कॉलेजच्या योगदानावर प्राचार्यांचं लांबलचक भाषण. नारळ घेताना सुमेधने हळूच मार्कांचं विचारलं. प्राचार्य फोटोग्राफरकडे बघत हसले आणि तसेच हसत म्हणाले, "आज आनंदाचा दिवस आहे. ते रडगाणं सोमवारी."

सोमवारी प्राचार्य मीटिंगला गेले होते. मंगळवारीही.

*

तारीख गेली. अकादमीचा मेल आला. भाषा सभ्य होती, उमेदवारी रद्द. सुमेधने मोबाईल गादीवर पालथा ठेवला, बूट घातले आणि रोजच्यासारखा धावायला निघाला. आम्हीही त्याच्यामागे निघालो. त्या दिवशी कोणी स्टॉपवॉच लावलं नाही.

दुरुस्त मार्कशीट पुढच्याच आठवड्यात आली. ती घ्यायला मी सोबत गेलो. मला भांडायचं होतं, रस्ताभर वाक्यं जुळवत होतो. सुमेधने दंड धरून मला मागे उभं केलं आणि रजिस्टरवर सही केली. खिडकीमागच्या बाबूने सुमेधने दुरुस्तीसाठी केलेले जुने अर्ज चाळले. प्रत्येकावर अकादमीचं नाव होतं. मग मार्कशीट वरून खालपर्यंत वाचली. फर्स्ट क्लास. ती सुमेधच्या हातात देताना त्याने आपुलकीने विचारलं,

"एवढे चांगले मार्क असून मिलिट्रीत काहून जाऊन राहिला गा?"