धुरापलीकडचा ठिपका

बाबनराव धकात्यांचे वडील सक्करदऱ्यात माग चालवत. बाबनराव मात्र बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात लागले. उष्णता दाखवणारा कॅमेरा घेऊन कुठली मोटार, कुठली तार तापली ते शोधत फिरायचं, हे त्यांचं काम.

चार वर्षांपूर्वी एका दुपारी सुताचं गोदाम पेटलं. धुरात हाताला हात दिसेना. बाबनराव कॅमेरा रोखून दारात उभे राहिले. पडद्यावर माणसाएवढा एक उजळ आकार होता आणि त्याच्या बराच मागं एक फिका ठिपका.

"आत किती आहेत?" आग विझवणाऱ्यानं ओरडून विचारलं.

"एक."

ठिपका त्यांना तापलेला पाइप वाटला होता. त्या एकालाच बाहेर काढलं गेलं. संध्याकाळी त्या ठिपक्याच्या जागी देवाजीचा मृतदेह सापडला, पारशिवनीकडचा मजूर. पडद्यावर काय दिसलं, हे चौकशीत कोणी विचारलं नाही. बाबनरावांनीही सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून जेवायला बसलं तरी ताटात तो ठिपका दिसे.

ते निवृत्त झाले तेव्हा मुलगी भारती ताऱ्यांवर संशोधन करत होती. तिनं एकदा लॅपटॉपवर दोन चित्रं दाखवली. पहिल्यात नुसता काळा ढग. दुसरं अवरक्त, म्हणजे उष्णतेच्या किरणांतलं, त्याच ढगाचं. त्यात लाल ठिपकेच ठिपके.

"तान्हे तारे आहेत, बाबा. धुळीत लपून राहतात. त्यांची ऊब तेवढी बाहेर येते."

बाबनराव पडद्याजवळ सरकले. मग म्हणाले, "मले दे. या ताऱ्यांवर मी खुणा करतो."

महिनाभर ते रोज बसले. भारतीनं काम तपासलं आणि कपाळाला हात लावला. "तुम्ही तर एकही ठिपका सोडला नाही! यातले कितीतरी मागच्या दूरच्या आकाशगंगा आहेत. काहून असं?"

"मले 'नाही' म्हणता येत नाही वं," ते म्हणाले, आणि मग सगळं सांगून टाकलं.

भारतीनं ऐकून घेतलं. "देवाजीच्या घरी तुम्ही गेले होते कधी?"

रविवारी दोघं पारशिवनीला गेली. देवाजीची बायको गोपिका अंगणात मिरच्या निवडत होती. बाबनरावांनी उभ्या उभ्याच सांगितलं. तिचे हात थांबले.

"तो ठिपका हलत होता का, भाऊ?"

खोटं बोलणं सोपं होतं. "हो," ते म्हणाले. "जरासा. मले वाटलं, धुरानं तसं दिसते."

"मले तर कारखान्याच्या सायबांनी सांगितलं होतं, पहिल्याच धुरात हे बेशुद्ध झाले म्हणून. काहीच समजलं नसंल म्हणून." ती मिरच्यांकडे पाहत राहिली. "आता जा तुम्ही."

भारतीनं फोन नंबराची चिठ्ठी ओट्यावर ठेवली. परतताना बसमध्ये तिनं बाबनरावांचा हात धरला. त्यांना वाटलं, जी एक गोष्ट त्या बाईजवळ होती तीही आपण काढून घेतली.

पंधरा दिवसांनी गोपिकेचा फोन आला. किती वेळ हलत होता, एवढंच तिनं विचारलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा आला. आता दर आठवड्याला येतो, आणि दर वेळी ती एकच नवा प्रश्न विचारते. बाबनराव फोन टाळत नाहीत. परवा तिनं विचारलं, "दाराकडं येऊन राहिले होते का?"

"कोणीकडं ते कॅमेऱ्यात दिसत नाही, वहिनी," बाबनराव म्हणाले. तिनं फोन ठेवला नाही.