दगडी गिरजातली गोजराबाई

गोजराबाई बाटली, अशी कुजबूज वाशीमच्या भाजीबाजारात उठली, तेव्हा दिवसभर वांग्यांपेक्षा तीच जास्त खपली. पादरीसाहेबानं म्हणे तिच्यावर पाणी शिंपडलं, आता ती लुगडं सोडून झगा घालणार. झग्याचा रंगसुद्धा बायांनी ठरवून टाकला होता.

आता, बायांचंही अगदीच चुकत नव्हतं. गोजराबाई माळीण रोज मिशनशाळेच्या बोर्डिंगात भाजी पोचवायची. शाळेला लागून काळ्या दगडाचं गिरजाघर. भाजी उतरवली की बाई मागच्या दारानं गिरजात शिरायची, ती शाळेची दुपारची घंटा झाल्यावरच बाहेर. आणि बाई कोण, तर एका जागी बूड न टेकणारी. स्वतःचं काम संपलं तर शेजारणीच्या शेंगा सोलून देणारी. मानमोडीच्या साथीत दोन लेकरं खोकून-खोकून गेल्यापासून तर पायाला भिंगरीच. अशी बाई रोज गिरजात करते काय?

तिच्या उरलेल्या एका पोराची, देवलाची, सोयरीक मालेगावच्या जगदेवरावांकडे ठरत आली होती. कुजबूज तिथवर पोचली अन् सोयरीक अडली.

सासू कस्तुराबाई पेटलीच. "सांगून टाक ना वं, काय करतं तिथं? पोराचं लगन मोडून राह्यलं."

"तुमाले सांगून फायदा नाही, आत्याबाई."

"काहून?"

गोजराबाईनं टोपली उचलली नि चालू लागली.

शेवटी होणारे व्याही जगदेवराव स्वतःच आले. भर दुपारी कस्तुराबाईला बरोबर घेऊन गिरजाच्या मागच्या दाराशी गेले. आत जोडे काढून जावं की घालून, या विचारात बराच वेळ घुटमळले. शेवटी जोडे सासूबाईंच्या पुढ्यात ठेवून आत गेले, अन् लगेच मिशी चोळत बाहेर आले.

"काय पाह्यलं, इवाई?"

"देवापुढं असं वागणारी बाई किरिस्ताव नाही होत."

"म्हंजे कसं?"

"म्हंजे लगनाच्या तयारीले लागा."

याहून जास्त त्यांनी सासूला सांगितलं नाही. सुनेचं घर शाबूत ठेवायचं तर ते सांगण्यासारखंही नव्हतं.

गोजराबाई बाटली नव्हती. ती बाकावर, टोपली उशाला घेऊन, घोरत होती. लेकरं गेल्यापासून घरात कुणी खोकलं की ती दचकून उठून बसायची, आणि सुनेनं दिवसा आडवं झालेलं सासूला खपत नव्हतं. गिरजाच्या जाड भिंतींमधून कुणाचं खोकणं ऐकू येत नव्हतं.