हसऱ्या नंदीचा प्रश्न

सिंदी रेल्वे गावच्या आठवडी बाजारात चंद्रभानच्या ताडपत्रीवर वांगी, भेंडी, मिरच्या असत आणि मिरच्यांच्या ढिगाला टेकवलेली एक पाटी असे. पाटीवर खडूने लिहिलेला एकच प्रश्न. पुढच्या बाजारापर्यंत बरोबर उत्तर आणणाऱ्याला सांबाराची जुडी फुकट. कोथिंबिरीला इकडे सांबारच म्हणतात.

हा नाद त्याला टीव्हीने लावला होता. प्रश्नांचा कार्यक्रम सुरू झाला की जेवणाचं ताट त्याच्या हातात तसंच राहायचं. पडद्यावर चार पर्याय उमटण्याआधी त्याचं उत्तर सांगून व्हायचं आणि बक्षीस दुसऱ्याच कुणाला मिळायचं, त्याचं त्याला काही वाटायचं नाही. कुरकुर असायची ती प्रश्नांबद्दल. "हा काई सवाल झाला? पाठ असन त आलं, नाई त नाई आलं," असं तो म्हणायचा. त्याच्या मते चांगला प्रश्न म्हणजे दोरीची गाठ. ओढून सुटू नये, पण बसून सोडवली तर सुटावी.

असे प्रश्न तो स्वतः करायचा, शेतात पाणी देताना, वांगी तोडताना. एकदा त्याने शेजारच्या समुद्रपूर गावाच्या नावावरून पाटीवर लिहिलं होतं, 'समुद्रपूरपासून कोणता समुद्र जवळ, मुंबईकडचा की पलीकडचा?' सगळा बाजार म्हणाला, मुंबईकडचा, हे काय विचारणं झालं. समोर मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा रुपेश तेवढा थांबला. पुढच्या बाजाराला तो शाळेतला भिंतीवरचा नकाशा मागून घेऊन आला आणि भेंडीवर पसरून त्याने सुतळीने अंतर मोजलं. पलीकडचा, बंगालचा उपसागर जवळ निघाला. लोकांनी सुतळीवर संशय घेतला, मग रुपेशवर, मग नकाशा छापणाऱ्यावर. त्या दिवशी वांगी विकायची राहून गेली आणि चंद्रभान गाणं गुणगुणत घरी आला.

पुढे सगळ्यांच्या फोनमध्ये इंटरनेट आलं. आता लोक पाटी वाचत, फोनशी बोलत आणि जुडी उचलून चालू लागत. रुपेशही तसंच करू लागला. चंद्रभानला जुडीचं वाईट वाटत नव्हतं. बाजारातली भांडणं गेली, याचं वाटत होतं.

त्यातच श्रावण सरत आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. मुलं आपापले लाकडी बैल सजवून मिरवायला आणतात. चौकात एक मोठा, चाकांवरचा लाकडी नंदी उभा राहतो. प्रभाकरराव सुतारांच्या वडिलांनी घडवलेला हा नंदी तोंड अर्धवट उघडून हसतो. संध्याकाळी त्याच्याशेजारी चंद्रभानची प्रश्नमंजूषा व्हायची. तिची एक रीत होती. प्रश्न विचारण्याआधी चंद्रभान सगळ्यांसमोर नंदीच्या कानात उत्तर सांगायचा. मागाहून बदल नको, नंदी साक्षीदार.

पण यंदा पोळा मंडळाचा अध्यक्ष प्रफुल ताडपत्रीशी येऊन उकिडवा बसला.

"भाऊ, राग नका मानू. मागच्या साली तुमचा सवाल पुरा व्हाच्या आधी फोन बोलत होते. लोक जांभया देऊन राह्यले होते. यंदा आर्केस्ट्रा आणतो म्हणतो."

चंद्रभानने एक मिरची उगीचच पुसली. "एक सवाल ठेवू दे, प्रफुल. एकच. फोन हातात घेऊन बसू दे साऱ्याईले. त्यायच्या फोननं सांगतलं, त पुढच्या साली आर्केस्ट्राच्या खुर्च्या मी लावतो."

"अन् लोकाईले बी नाई आलं त?"

"त बी मीच लावतो."

शब्द देऊन बसला खरा, पण प्रश्न सुचेना. चंद्रावर प्रश्न करून पाहिला, शुक्रावर पाहिला, नद्यांवर पाहिला. प्रत्येकाचं उत्तर फोनच्या पोटात. घरी जुड्या बांधता बांधता मनकर्णा, त्याची बायको, म्हणाली, "तुमी दुनियाभरचं इचारता. फोन दुनियाभर फिरून येते. त्याले घरचं काय ठाऊक?"

दुसऱ्या दिवशी नंदीला तेलपाणी करायला मंडळाची माणसं जमली, त्यांत चंद्रभानही गेला. पाय पुसायचं काम त्याच्याकडे आलं. पुसता पुसता त्याचा हात थांबला. त्याने दुसरा पाय पाहिला, तिसरा पाहिला, आणि हसू दाबत घरी आला.

"काऊन हासून राह्यले?" मनकर्णाने विचारलं.

"नंदीले इचार."

तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी चौक भरला होता. मुलांचे बैल ओळीने उभे होते. चंद्रभान धुतलेला सदरा घालून नंदीजवळ गेला, त्याच्या कानाशी वाकला, काहीतरी पुटपुटला आणि मग लोकांकडे वळला.

"या नंदीत सुताराची एक चूक हाय. ते सांगा. फोन चालन, हात लावला तरी चालन."

सगळे एकदम बोलू लागले. शिंगं लहान आहेत. वशिंड मागे गेलं आहे. शेपटीला गोंडा नाही. चंद्रभान प्रत्येकाला मान हलवून नाही म्हणे. प्रभाकरराव पहिल्या रांगेत काठीवर हनुवटी टेकवून बसले होते. बापाच्या हातची चूक निघणार, म्हणून त्यांचा चेहरा जरा आंबट झाला होता.

रुपेशने नंदीचा फोटो काढून फोनला विचारलं आणि उत्तर मोठ्याने वाचलं. हा नंदी शेतकरी संस्कृतीचं सुंदर प्रतीक आहे, रंगसंगती मोहक आहे, असं बरंच काही त्यात होतं.

"त्याले नवरदेव दाखवला का रे?" मागून कुणीतरी म्हणालं आणि चौक हसला.

रुपेशही हसला. त्याने फोन खिशात टाकला आणि नंदीसमोर जाऊन उभा राहिला. लहानपणी गावातली सगळी मुलं या नंदीच्या तोंडात पेपरमिंटची गोळी ठेवायची, तोही ठेवायचा. सवयीने त्याने आताही तोंडात हात घातला. बोटं वर लागली, खाली लागली. तो तसाच उभा राहिला.

"भाऊ," तो सावकाश म्हणाला, "याले वरते बी दात हाय."

"मंग?"

"बैलाले समोर वरते दात नसतेच. माया आबा बैल घेतानी खालचेच दात पाह्यचा. दोन दाती, चार दाती, सारं खालचं."

झालं. अर्धा चौक म्हणे असतात, अर्धा म्हणे नसतात. जन्मभर बैल राखलेली माणसं एकमेकांना वेड्यात काढू लागली. बैलाचं वय खालच्या दातांवरून कळतं, म्हणून जो तो खालीच पाहत आला होता. वर काय आहे, ते पाहण्याचं कुणाला कारणच पडलं नव्हतं. शेवटी प्रफुलचा बैल आणला. त्याच्या शिंगांना पोळ्याचा बेगड तसाच होता. प्रफुलने स्वतः त्याचा वरचा ओठ उचलला. समोर नुसती गुळगुळीत हिरडी.

"अबे," प्रफुल म्हणाला, "मी त याचे दात मोजून पैसे देल्ते."

असा हशा उठला की बैल बिचकला. सगळे चंद्रभानकडे पाहू लागले. टाळ्या वाजवायला हात तयार होते.

चंद्रभान मात्र नंदीच्या दातांकडे पाहत होता. मान हलवून 'बरोबर' म्हटलं असतं, तर प्रश्नही जिंकला असता आणि तोही. नंदी काही बोलणार नव्हता. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली.

"रुपेशचं बरोबर हाय," तो म्हणाला, "पण मी नंदीच्या कानात हे नाई सांगतलं. दात मले बी दिसले नाई. मी खुराचं सांगतलं होतं."

"खुराचं काय?"

"बैलाचा खूर मधातून फाटलेला असते. याचे पाय पाहा. घोड्याचे हायेत."

चौक खाली वाकला. म्हातारे, बाया, पोरं, सगळे नंदीच्या पायाशी. चारी खूर अखंड, गोल. इतकी वर्षं हळदीकुंकू लावलं, ते याच खुरांना. सगळ्यांची नजर प्रभाकररावांकडे गेली. त्यांची काठी थरथरत होती. मग कळलं, ते हसत आहेत.

"दाताचं मले ठाऊक हाय," ते डोळे पुसत म्हणाले. "बाबा म्हणे, पोरांचा नंदी हाय, त हासला पाह्यजे. अन् दातांबगर हासन कसा? पण खुराचं मले बी आजच समजलं. आमच्या घराजवळ टांगेवाला राहे. त्याच्याच घोड्याचे पाय पाहून कोरले असन."

"मंग सवाल कोण जितलं?" प्रफुलने विचारलं. कुणी चंद्रभान म्हणालं, कुणी रुपेश, एक बाई म्हणाली सुतार. त्यावर नवं भांडण पेटलं आणि चंद्रभान त्या भांडणाच्या मधोमध, मांडवात बसलेल्या वधूपित्यासारखा तृप्त उभा राहिला. त्या गलक्यात प्रफुल त्याच्या कानाशी येऊन म्हणाला, "पुढच्या सालच्या आर्केस्ट्राले मी उद्याच नाई म्हणून सांगतो. याच्यावर त्यायचं गाणं कोण आयकन?"

पुढच्या बाजाराला चंद्रभानने सांबाराची सगळ्यात गच्च जुडी रुपेशसाठी बाजूला ठेवली. रुपेश आला, जुडी हातात घेतली आणि परत ठेवली.

"जुडी नको, भाऊ. पाटी दे."

त्याने पाटी पुसून खडूने लिहिलं, 'नंदीत तिसरी चूक कोणती?'

"तिसरी?" चंद्रभान म्हणाला. "हाय का खरंच?"

"मले दिसली. नंदीच्या कानात सांगून आलो."

चंद्रभानने पाटी वाचली, पुन्हा वाचली. समोर एक गिऱ्हाईक भेंडीचा भाव विचारत होतं, ते त्याला ऐकू आलं नाही. तो उठला, धोतर झटकलं आणि चौकाच्या दिशेने चालू लागला.

"अवो, काट्यावर कोण बसन?" शेजारी जुड्या लावत बसलेल्या मनकर्णाने विचारलं.

"तूच बस," तो मागे न पाहता म्हणाला. "अन् रुपेशले इचारू नको. मले सांगू बी नको."