मंडईच्या दंगलीतली फेरी

नोटेचं एक टोक माझ्या बोटांत होतं, दुसरं राईस मिलवाल्या शेठच्या. तो सोडत नव्हता.

"पहले दस बैठक मार. व्हिडिओ बना रहा हूँ."

कामठ्याजवळच्या गावात दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे गावची जत्रा होती. दुपारी कुस्त्यांची दंगल. बायकांची एकच कुस्ती, ती मी जिंकले होते. आमच्याकडे जिंकणाऱ्याने दुपट्टा पसरून लोकांतून फेरी मारायची. ज्याला वाटेल तो नोट टाकतो. लोक याला कौतुक म्हणतात. मीही म्हणायचे.

मी बैठका मारल्या. दहाच्या दहा. लाज वाटली, तरी मारल्या. पूर्वी पुण्याच्या व्यावसायिक कुस्ती लीगमध्ये माझी निवड झाली तेव्हा गावाने मिरवणूक काढली होती. बूट, डॉक्टर, मानधन, सगळं मिळालं. एक हंगाम. मग जाहिरातदार गेले, फोन उचलणारेही गेले. लीग बंद झाली असं कोणी सांगितलंसुद्धा नाही. आता मी सत्तावीसची आहे, डावा गुडघा कुरकुरतो. अंगात अजून तीन-चार वर्षांची कुस्ती आहे. पुढे काय, ठाऊक नाही.

दहा बैठका झाल्या तरी शेठने नोट सोडली नाही. कडेला माझ्याकडून हरलेली पोरगी बसली होती, बालाघाटकडची. घोटा सुजलेला. हरलेलीला फेरी नसते, फक्त गाडीभाडं. शेठने हनुवटीने तिच्याकडे खूण केली.

"अब उसको कंधे पे उठा के घुमा. मजा आएगा."

ती मुकाट्याने उठायला लागली. एका पायावर. मी तिला उचलावं म्हणून. तेव्हा मला संताप आला, आणि आधी माझाच आला. माझ्या बैठका पाहूनच ती उठत होती.

मी नोट सोडली.

"कुस्ती झाली, शेठ. आता आमी घरी जाऊन राहिलो."

दुपट्ट्यात जमलेल्यातले अर्धे तिच्या हातावर ठेवले आणि तिला धरून बाहेर आणलं. मागून माइकवर कोणीतरी म्हणालं, "बहुत घमंड आ गया है."

आई घरी म्हणाली, "कायले बोललीस वं? आता तुले कोन बोलवन?"

तिचं खरं निघालं. पुढच्या दोन गावांनी माझं नाव कापलं. सौंदडकडच्या एका मंडईने तर माझ्या जागी त्याच पोरीला विचारलं. घोटा बरा झाला होता. तिने फोन केला.

"दीदी, जाऊँ क्या?"

"पहले उनको दोनों का पैसा माइक पे बोलने को लगा. हारनेवाली का भी. फिर उतर."

"देखती हूँ," म्हणून तिने फोन ठेवला. तिचंही पोट आहे. ती जाईल.

मीही त्या मंडईला जाणार आहे, न बोलावता. तिची कुस्ती लागायच्या आधी आखाड्यात उतरीन. लढणाऱ्या दोघींचं मानधन माइकवर सांगा, म्हणीन. भीती वाटते. पण सांगेपर्यंत हलणार नाही. हलवायचं असेल तर मला आधी चीत करावं लागेल.